मतलई नव्हता तो, कौस होता

मार्च महिना मला आवडत नाही. शारजात अल नहदाला मुलाच्या फ्लॅटवर राहतो, अकराव्या मजल्यावर, आणि मार्चमध्ये बाल्कनीचं दार धडधडायला लागलं की माझं डोकं फिरतं. सून म्हणते, "अब्बा, दार लावून घ्या ना, धूळ येते." धूळ येते! आता हे मला सांगणार! नातू मोबाईलमधून मान वर न काढता म्हणतो, "दादा, रिलॅक्स. इट्स ओन्ली शमाल. ट्वेंटी-टू नॉट्स." ओन्ली शमाल म्हणे. मेल्या, त्या ओन्ली शमालने एका माणसाचं काय केलं ते तुझ्या मोबाईलमध्ये आहे का, असं माझ्या तोंडावर येतं. पण मी गप्प बसतो, कारण शमालने काहीच केलं नव्हतं. केलं ते मी.

ज्यांनी समुद्र फक्त कॉर्निशच्या, किनाऱ्याच्या रस्त्यावर कॉफी पिताना बघितलाय त्यांना वारा म्हणजे नुसता वारा. मी रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा, तांडेलांच्या घरातला. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. त्याच्या शब्दाबाहेर होडीत कुणी खोकायचंसुद्धा नाही. आमच्याकडे थंडी सरता सरता किनाऱ्यावर दोन वाऱ्यांची पाळी ठरलेली असते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे सुटतो तो मतलई. हलका, शहाणा वारा. शीड उघडलं की होडीला अलगद बाहेर घेऊन जातो. दहा-अकराला तो दमतो. मग दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो आणि होडी घरी आणून सोडतो. आमच्या घरात म्हणायचे, मतलई म्हणजे माहेरी न्यायला आलेला भाऊ आणि खारा म्हणजे परत न्यायला आलेला नवरा. दोघं वेळेवर येतात, बाईने फक्त गाठोडं बांधून तयार राहायचं.

हे म्हणणारा माझा चाचा. माझ्या बापाचा धाकटा भाऊ. बाप मी आठ वर्षांचा असताना गेला आणि मी याच्या पदरात पडलो. तोंडावर त्याला मी अहो-जाहो करायचो. मनात कधी केलं नाही, इथेही करणार नाही. तो आता नाही, मी म्हातारा झालो, आता खोटं कशाला बोलू? मला तो माणूस डोळ्यासमोर नको व्हायचा.

बारा वर्षांचा असताना त्याने मला पहिल्यांदा होडीवर नेलं. मी ओकलो. ओकलो, रडलो, "मला आईकडे न्या" म्हणून दोराला मिठी मारून बसलो. बारा वर्षांचं पोर, ओकणार नाही तर काय करणार? दुसऱ्या दिवशी त्याने गावभर जाहीर केलं की ह्याच्या हाताला दोर शोभत नाही, दौत शोभेल, आणि मला तालुक्याच्या शाळेत घातलं. लोक म्हणायचे, बघा, पुतण्याला शिकवलं, केवढं मोठं मन. मोठं मन कसलं? तेव्हापासून मला नावाने हाक नाही. मुन्शी. "ए मुन्शी, इकडे ये." "मुन्शीला भात वाढा, बोटं दमली असतील लिहून." घरात, मशिदीच्या दारात, लग्नाच्या मांडवात, जिथे चार माणसं असतील तिथे. आणि माणसं हसायची.

साठ सालानंतर कधीतरी मी शारजात आलो. अमिराती हे नाव तेव्हा जन्मालाही यायचं होतं. आम्ही सगळ्यालाच दुबय म्हणायचो. खोरच्या, म्हणजे तिथल्या खाडीच्या, काठावर एका अरब व्यापाऱ्याचं गोदाम होतं, तिथे मी कारकून. खजूर, तांदूळ, कापडाचे तागे, जे येईल ते लिहायचं. वर्षभरात मी अरबी बोलायला शिकलो, चांगली शिकलो. दोन वर्षांनी चाचा येऊन उभा राहिला. गावाकडे मालाच्या शिडाच्या होड्या बंद पडत आल्या होत्या, सगळं ट्रकवर गेलं होतं, आणि तांडेलाला कोण विचारतो? मलाच मालकाचे पाय धरावे लागले. मालकाने त्याला त्याच गोदामावर वॉचमन म्हणून ठेवला. चाळीस वर्षं होडी हाकलेला माणूस दाराशी स्टुलावर बसून गोणी राखायला लागला.

तुम्हाला वाटेल, मग तरी नरम आला असेल. छे! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. अरबी शिकायला तयार नाही. सलाम, यल्ला, खलास, एवढ्या तीन शब्दांवर त्याचं दुकान. बाकी सगळं माझ्या डोक्यावर. कुणी काही बोललं की लगेच माझ्याकडे वळून, "काय म्हणाला?" मी हातातलं सोडून सांगायचं. मालक बोलला, हमाल बोलला, रस्त्यावर पाणीवाला बोलला, "मुन्शी, काय म्हणाला?" दिवसाला पन्नास वेळा. मी त्याचा कान होतो आणि तोंडही होतो, आणि त्याबद्दल मला मिळायचं काय तर मुन्शी.

मालकाची एक होडी होती. तिथल्या भाषेत जालबूत म्हणत, आपल्याकडच्या मचव्याएवढी, एका शिडाची. तिच्यावर मालकाच्या वडिलांपासूनचा एक म्हातारा नाखुदा होता. नाखुदा म्हणजे त्यांचा तांडेल. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पडले, हाताएवढ्या अंतरावरचं दिसेना, तेव्हा मालकाला नवा माणूस हवा झाला. फेब्रुवारी-मार्चला सुरमईचा मोसम असतो. सुरमईला ते कनाद म्हणतात. चाचाने मला पुढे करून मालकाला सांगायला लावलं की माझा चाचा तांडेल आहे. मालकाने त्याच्या हातांकडे पाहिलं. हात बघून मालकाला पटलं असावं. म्हणाला, तीन फेऱ्या करून दाखव. नाखुदा सोबत बसेल. तिसऱ्या फेरीनंतर होडी आणि माणसं धड आली आणि मासा आला, तर होडी तुझ्या ताब्यात, तू नाखुदा.

त्या दिवसापासून चाचा वेगळाच दिसायला लागला. दाढी नीट केली. खोरवर जाऊन होडीच्या पोटावर हात फिरवून यायचा. आम्ही आठ कोकणी माणसं एका खोलीत राहायचो, तिथे रोज जेवताना तोच विषय. एकदा घास हातात तसाच धरून म्हणाला, "माझं दुसरं काही मागणं नाही. ही होडी मिळाली की मी परत माणसात आलो." असं उघड बोलणारा माणूस नव्हता तो. खोलीतले सगळे म्हणाले, इन्शाल्ला, इन्शाल्ला. मीही म्हणालो.

पण मग ते झालं. दुसऱ्या फेरीनंतर मालकाने आम्हाला आपल्या बैठकीत चहाला बोलावलं. दोन्ही फेऱ्या छान झाल्या होत्या, मालक खुशीत होता. गंमतीने चाचाला विचारलं, तुझा पुतण्या होडीत काय करतो, त्याला समुद्र कळतो का? मी चाचाला सांगितलं. चाचा हसला, मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "सांग त्यांना. बारा वर्षांचा असताना काय झालं ते सांग." मी म्हटलं, "चाचा, राहू द्या." म्हणाला, "अरे सांग ना, शरमतोस काय? ओकलास, दोराला मिठी मारलीस, आईकडे न्या म्हणालास. सगळं सांग." आणि मी सांगितलं. मालकासमोर, ज्याच्या पुढे मी रोज वही घेऊन उभा राहायचो त्याच्यासमोर, माझीच फजिती माझ्याच तोंडाने, अरबीत. "मला आईकडे न्या" याला अरबीत काय म्हणायचं तेही मला शोधावं लागलं. मालक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. आंधळा नाखुदासुद्धा हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चहा प्यालो, कप खाली ठेवला आणि मनात म्हणालो, याची तिसरी फेरी बुडू दे. होडी नाही, फेरी. एवढंच मागितलं मी. पण मागितलं, हे खरं.

तिसऱ्या फेरीला आम्ही चार जण होतो. सुकाणूवर चाचा, त्याच्या पायाशी नाखुदा, शिडाशी एक बलुची खलाशी, जो चार दिवसांत चार शब्द बोलत नसे, आणि चाचाचा कान म्हणून मी. मालकाने मला त्या दिवशीही गोदामातून मोकळं केलं होतं. पहाटेची नमाज किनाऱ्यावर वाळूत पढून निघालो. वारा होता. जमिनीकडून समुद्राकडे, आग्नेयेकडून, चांगला भरलेला. चाचाने वाऱ्याला तोंड दिलं, डोळे मिटले, आणि त्याचा चेहरा एकदम सैल पडला. "मतलई," तो म्हणाला. "बघ मुन्शी, इथेही आला. वारा तो वारा, त्याला काय तिकडचा नि इकडचा?"

मलाही तो मतलईच वाटला, हेही खरं आहे. आमच्या रक्तातच ते आहे. पहाटे पाठीला जमिनीकडचा वारा लागला की कोकणातला माणूस निर्धास्त होतो. फक्त एक गोष्ट बरोबर नव्हती. मतलई गार असतो. हा कोमट होता आणि दमट होता, सदरा पाठीला चिकटत होता. चाचाला तेही जाणवलं असणार. पण दोन वर्षं स्टुलावर बसलेल्या माणसाला त्याच्या गावचा वारा भेटला होता, तो कशाला शंका काढेल?

शीड उघडलं आणि होडी सरळ बाहेर पडली. खोरच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे, तो भरतीच्या पाण्यात सहज ओलांडला. किनारा जवळ होता आणि वारा जमिनीवरून, त्यामुळे पाणी सपाट. खजुरीच्या झावळ्यांची घरं मागे बारीक होत गेली. सूर्य वर आला तो फिकट, धुरकट. आम्ही दोऱ्या सोडल्या. शीड होडी ओढतंय, मागे दोऱ्या, टोकाला गरी आणि गरीवर चांदीसारखं चमकणारं लहान माशाचं आमिष.

वसंतातल्या माशाचं एक आहे. पाणी काठाकडून कोमट व्हायला लागतं, तारल्यांसारखा बारीक मासा काठाला येतो आणि त्याच्या मागे सुरमई. दोन-तीन दिवस हवा एकसारखी राहिली तर मिळते. वारा फिरून गेला की पाणी थंड आणि दुधाळ होतं, मग तीन दिवस तुम्ही दोऱ्या घेऊन बसा, ती तोंड उघडत नाही. पण वारा फिरायच्या आधी, अगदी आधी, सुरमई पिसाळते. का ते मला माहीत नाही. तिला कळतं. त्या दिवशी पहिली दोरी ताणली गेली तेव्हा मला वाटलं तळाला अडकली. हातभर लांब सुरमई निघाली. तोवर दुसरी दोरी. तोवर तिसरी. हाताची कातडी सोलवटून निघाली माझी. बलुची माणूस हसत होता, त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. चाचा सुकाणूवरून ओरडत होता, "ओढ रे मुन्शी, ओढ! ओकू नकोस, ओढ!" होडीच्या तळाला मासे तडफडत होते, घोट्यापर्यंत मासे, आणि तो मला हेच ऐकवत होता.

तेवढ्यात नाखुदाने माझी पोटरी धरली. त्याने चेहरा वर केला होता आणि गाल वाऱ्याकडे वळवून बसला होता. मला म्हणाला, "हा कौस आहे. तुझ्या नाखुदाला सांग, कौस. कौसाच्या पाठीमागे शमाल असतो. मासा असा खातोय तो उगाच नाही. आत्ताच परत फिरा, शमाल यायच्या आत बांधाच्या आत गेलं पाहिजे."

मी स्पष्ट ऐकलं. एकही शब्द सुटला नाही. कौस म्हणजे आग्नेयेचा वारा हेही मला माहीत होतं, गोदामातले हमाल बोलायचे. शमाल तर तिथल्या कुत्र्यामांजरालाही माहीत होता. वायव्येकडून येतो, एकाएकी येतो, आणि शारजाचा किनारा त्याच्या सरळ तोंडावर आहे.

चाचाने विचारलं, "काय म्हणाला म्हातारा?"

मी म्हणालो, "म्हणतो, जमिनीवरचा वारा आहे. या वाऱ्यात मासा चांगला लागतो."

बघा, यात खोटं काही नाही. वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, यात खोटं काही नाही. कौस जमिनीवरूनच येतो. मासा लागतोच. मी फक्त उरलेलं गिळलं.

चाचा हसला. "आता हा मला मतलई शिकवणार!" म्हणाला. "सांग त्याला, आम्ही मतलईत जन्मलो. दुपारी खारा वारा येईल, त्याच्यावर बसून घरी जाऊ."

नाखुदाने मला विचारलं, "सांगितलंस?"

मी म्हणालो, "सांगितलं."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, अजून थोडा वेळ थांबू."

म्हाताऱ्याने माझी पोटरी सोडली. त्यांच्यात रीत आहे, सुकाणू ज्याच्या हातात त्याला एकदाच सांगायचं. दुसऱ्यांदा सांगणं म्हणजे त्याचा अपमान. "शमाल," एवढं मात्र तो स्वतःशी पुन्हा पुटपुटला आणि चाचाच्या पायाशी अंग चोरून बसला. मी नवं आमिष लावून दोरी सोडली. तोंड उघडायला अजून वेळ होता, अर्धा तास होता, तासही असेल. मी एकेक मासा ओढत होतो आणि दर माशाला वाटत होतं, आता सांगू. आणि दर माशाला तो वरून "ओढ रे मुन्शी" म्हणत होता.

दहाच्या सुमाराला वारा पडला. शीड लोंबायला लागलं. चाचा खूश, कारण मतलई असाच पडतो, त्याच्या हिशेबाने सगळं वेळेवर चाललं होतं. पण मासा बंद झाला. एकदम, दार लावल्यासारखा. चाचाने मान वर केली. मग वायव्येला पाहिलं आणि त्याचा रंगच उडाला. क्षितिजावर तपकिरी पट्टा उभा होता.

"हा खारा नाही," तो म्हणाला. एवढंच. मग त्याचा आवाज बदलला. माझ्या जन्मात मी त्याला असा बोलताना ऐकला नव्हता, शांत, बारीक. शीड अर्धं गुंडाळा. दोऱ्या कापा. मासे टाका. मी म्हटलं, "सगळे?" म्हणाला, "सगळे." आम्ही त्या सुरमया दोन्ही हातांनी परत समुद्रात लोटल्या, आणि शेवटची टाकतोय तोवर शमाल आला.

त्याचं वर्णन मी करत बसणार नाही. तोंडात वाळू आणि मीठ एकदम आलं. लाट मागून येत होती, होडीपेक्षा उंच, आणि चाचा मागे वळून न बघता सुकाणू देत होता. पाठीने बघत होता म्हणा ना. बलुची कलमा पढत शिडाच्या दोराला लोंबकळला होता. मी म्हाताऱ्याला धरून बसलो होतो, की त्यानेच मला धरलं होतं, आठवत नाही. बांधावर लाटा फुटत होत्या, पांढरी भिंत दिसत होती. चाचाने तिथे होडी थोपवून धरली. तीन लाटा जाऊ दिल्या. चौथीवर ओरडला, "यल्ला!" आणि होडी सोडली. आम्ही बांधावरून गेलो. तळ एकदा वाळूला लागला, फळ्या कडाडल्या, सुकाणू तुटून त्याच्या हातात आलं, पण आम्ही आत गेलो, चौघंही जिवंत. असा तांडेल मी दुसरा पाहिला नाही. त्याचा मी द्वेष करत होतो, तेव्हाही, त्या क्षणीही, आणि तरी मला ते दिसलं. आंधळ्या नाखुदाने चाचाचं मनगट चाचपून हातात घेतलं आणि कपाळाला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाने बोलावलं. होडीचा तळ फुटला होता, सुकाणू गेलं होतं, मासा एकही नव्हता. पण मालक रागावलेला नव्हता, तो चौकशी करत होता. बांधावरून होडी कशी आणली ते त्याने आधीच ऐकलं होतं. नाखुदा म्हणाला, "ह्याच्यासारखा हात मी पाहिला नाही. पण मी शमाल सांगितला होता. ह्या पोराला म्हणालो, नाखुदाला सांग, कौसामागे शमाल आहे. हा म्हणाला, सांगितलं."

मालक माझ्याकडे वळला. "तू सांगितलं होतंस का याला, शमाल येणार म्हणून? नीट आठवून सांग. त्याला ठाऊक नसेल तर दोष त्याचा नाही. होडी दुरुस्त होईल."

म्हणजे त्याने दार उघडं ठेवलं होतं. मी फक्त नाही म्हणायचं होतं. नाही म्हटलं असतं तर होडी चाचाची होती. माझी नोकरी गेली असती, कदाचित नसतीही गेली, अल्ला जाणे. मी चाचाकडे बघितलं नाही.

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

चाचाने विचारलं, "काय विचारलं त्यांनी?"

मी म्हणालो, "विचारतायत, तुम्हाला वारा ओळखता आला नाही का."

चाचाने माझ्याकडे बघितलं. मग उठला, छातीवर हात ठेवला आणि मालकाला समजतील अशा दोन-चार हिंदी शब्दांत म्हणाला, "मालिक, गल्ती मेरी. मैं मतलई समझा." मालकाने हात पसरले, म्हणाला, खलास. होडी दुरुस्त झाल्यावर त्या बलुचीच्या ताब्यात गेली.

आम्ही दोघं खोरच्या काठाने गोदामाकडे चालत आलो. शमाल अजून होताच, धुळीने समोरचं दिसत नव्हतं. दाराशी आल्यावर तो थांबला.

"म्हातारा होडीत शमाल म्हणाला होता," तो म्हणाला. "मी ऐकलं. दोनदा म्हणाला. मला अरबी येत नाही, पण तो शब्द येतो रे. माझ्या अंगावर काटा आला होता. पण तू म्हणालास, मासा चांगला लागतो. म्हटलं, मुन्शीला भाषा येते, आपल्याला नाही. आपण ऐकलं ते चुकलं असेल."

मी खाली वाकून चपलेतली वाळू झटकायला लागलो.

"आज मालकानेही तोच शब्द घेतला," तो म्हणाला. "मी तुला विचारलं तेव्हा तू तो सोडून सांगितलास. तेव्हा मला कळलं."

"मग बोलला का नाहीत?" मी ओरडलो. होय, मीच ओरडलो, त्याच्यावर. "तिथे का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तुला हाकललं असतं," तो म्हणाला. "घरचे सगळे तुझ्या पगारावर आहेत. माझं काय, मी म्हातारा." आणि त्याने माझ्या खांद्यावरची धूळ झटकली. "जा आत. उशीर झाला."

त्यानंतर तो चार वर्षं होता तिथे, त्याच गोदामावर. मला त्याने पुन्हा मुन्शी म्हटलं नाही, दुसरंही काही म्हटलं नाही. पण ती गोष्ट शारजातल्या, दुबईतल्या सगळ्या कोकणी खोल्यांतून फिरली, पत्रांतून गावापर्यंत गेली. तांडेलाला वारा कळला नाही! त्याची म्हणच झाली. कुणी फसला, कुणी चुकीच्या बसमध्ये चढला, की म्हणायचे, "काय रे, मतलई समजून गेलास वाटतं!" आमच्या खोलीत जेवताना रोज कुणीतरी चाचाकडे बघून विचारायचं, "काय तांडेल, आज कुठला वारा? मतलई का?" बाकीची सहाही माणसं हसायची. चाचा भात कालवत मान हलवून म्हणायचा, "मतलई, मतलई." आणि खोलीत मी एकटा गप्प दिसू नये म्हणून मीही हसायचो.